माकड मोठं की भेक मोठा?

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा नद्या होत्या पण नद्यांवर पूल नव्हते. राजे होते, पण त्यांची राज्यं एवढीएवढीशी. सकाळी भाकरी बांधून निघालेला माणूस ती भाकरी सोडायचा तो दुसऱ्याच राज्यात.

अशाच एका नदीच्या अलीकडे एक राजा होता आणि पलीकडे एक राजा होता. दोघांची मोठी दोस्ती. नदीच्या मधोमध वाळूचं एक बेट होतं. दर आठवड्याला दोघं तिथे यायचे, घोंगडी अंथरायचे आणि सारीपाट मांडायचे.

अलीकडच्या राजाने एक माकड पाळलं होतं. लाल तोंडाचं, चपळ, एका जागी दोन घटका बसेल तर शपथ. त्याचं नाव फुटाणा. पलीकडच्या राजाने एक भेक पाळला होता. भेक म्हणजे बेडकाचाच भाऊबंद, पण अंगाने खडबडीत, चालीने संथ आणि उडी मारायचा आळशी. देवघराच्या पायरीखाली ओलाव्याला बसलेला तो राजाला सापडला, आणि राजाचा त्याच्यावर जीव जडला. त्याचं नाव दगडू.

एके दिवशी डाव रंगात आला असताना फुटाण्याने पलीकडच्या राजाच्या पानातलं केळं उचललं आणि पळ काढला.

पलीकडचा राजा हसत म्हणाला, "आमचा दगडू बघा. दुसऱ्याच्या पानाकडे मान वळवून बघत नाही."

"बघेल कसा?" अलीकडचा राजा म्हणाला. "त्याला मानच नाही!"

सगळे खो खो हसले. पण पलीकडचा राजा त्या दिवशी हरत होता, आणि हरणाऱ्याला चेष्टा लवकर लागते. तो म्हणाला, "माझ्या भेकाला मान नसेल, पण दुसऱ्याचा मान ठेवणं त्याला कळतं."

"म्हणजे मला कळत नाही?"

झालं. डाव उधळला, सोंगट्या वाळूत गेल्या आणि दोन राजे दोन दिशांना चालते झाले.

राजे भांडले की पंडितांच्या लेखण्यांना धार चढते. अलीकडच्या पंडिताने माकडाच्या जातीची थोरवी लिहून पाठवली. पलीकडच्या पंडिताने भेकाच्या जातीची थोरवी लिहून उत्तर दिलं. इकडून गेलं, 'माकडाला हात आहेत, ते केळं सोलून खातं.' तिकडून आलं, 'भेकाला सोलत बसावं लागत नाही.' इकडून गेलं, 'माकडीण पिलाला महिनोन् महिने पोटाशी धरून हिंडते.' तिकडून आलं, 'भेकीण एका वेळी हजार पिलांची आई होते, ती कुणाकुणाला धरील?' शेवटी इकडच्या पंडिताने हुकमाचं पान टाकलं. 'माकडाला शेपूट आहे. भेकाला कुठे आहे?'

तिकडून उत्तर आलं, 'लहानपणी भेकालाही होतं. मोठं झाल्यावर त्याने ते टाकून दिलं. याला वैराग्य म्हणतात.'

हे वैराग्य अलीकडच्या राजाला फार झोंबलं. त्याने आपला घाट बंद केला. मग पलीकडच्याने आपला केला. मीठ अलीकडे राहिलं, गूळ पलीकडे राहिला. अलीकडे पुरण अडलं, पलीकडे लोणचं नासलं. दोन्ही काठांवर शिपाई उभे राहिले आणि दोन्ही दरबारांत ठरलं, की येत्या पंचमीपर्यंत कोणती जात श्रेष्ठ याचा निवाडा झाला नाही, तर तो तलवारीने करायचा.

या सगळ्यात खरी अडकली ती भागाई.

भागाई सुईण होती. वय सत्तरीचं, अंगाने काडी, पण बोटं अजून तरुण. दोन्ही काठांवरची निम्मी माणसं तिच्या हातांत जन्मली होती, खुद्द दोन्ही राजेसुद्धा. ती राहायची अलीकडे. तिची एकुलती एक लेक तुळसा पलीकडे दिलेली. तुळसाची कूस याआधी दोनदा रिती झाली होती. आता तिसऱ्यांदा दिवस भरत आले होते, आणि साऱ्या जगाची बाळंतपणं केलेली आई काठावर उभी राहून पाण्याकडे बघत होती.

"आजी, हुकूम आहे," घाटावरचा शिपाई म्हणाला. "नाव सोडता येत नाही."

"अरे, हुकमाने कळा थांबतात होय?" भागाई म्हणाली. "तू पायाळू जन्मलास, तेव्हा कोणत्या राजाला विचारून पाय आधी बाहेर काढले होतेस?"

बाकीचे शिपाई तोंडावर हात धरून हसले. पायाळू शिपाई ओशाळला. "मी सोडीन हो आजी. पण पलीकडे तिरंदाज बसलेत. नाव दिसली की बाण सोडतील."

"त्यांतले चारपाच माझ्याच हातचे आहेत."

"म्हणूनच सांभाळून," केरबा नावाडी होडीच्या काठावर बसून म्हणाला. "तुझ्या हातची माणसं धडधाकट असतात, आजी. नेम चुकायचा नाही त्यांचा."

भागाईला हसू आलं आणि हसता हसता डोळ्यांत पाणीही आलं. ते बघून केरबा तिच्याजवळ आला आणि म्हणाला, "आपला प्रधान गावोगाव हिंडतोय. दोन्ही राजांना चालेल असा पंच सापडत नाहीये त्याला. जो तो या काठाचा नाही तर त्या काठाचा. आजी, तू का होत नाहीस पंच?"

"मी? मला काय कळतंय माकडातलं नि भेकातलं?"

"पंडितांना तरी कुठे कळतंय? आणि निवाडा बेटावर व्हायचा आहे. बेट म्हणजे अर्धी नदी."

हे मात्र भागाईला पटलं. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती थेट राजवाड्यावर गेली.

तिने दोनच अटी घातल्या. एक, बेटावर हत्यार आणायचं नाही, शिपायांनी काठावरच राहायचं. दोन, निवाडा झाला की तिला पलीकडे जाऊ द्यायचं. अलीकडचा राजा कबूल झाला. पलीकडे निरोप गेला, तिकडूनही होकार आला. कित्येक महिन्यांत दोघांचं पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत झालं होतं.

पंचमी उजाडली. दोन्ही काठ माणसांनी फुलले. बेटावर इकडे एक छत, तिकडे एक छत, आणि मधे चौरंगावर भागाई. केरबाने तिला आपल्या लहानशा डोंग्यातून आणलं होतं. तो डोंगा पाण्याशी ओढून ठेवून तो तिथेच बसला. ऊन चढत होतं, म्हणून फुटाणा आणि दगडू यांना एका राहुटीत सावलीला ठेवलं होतं. सोबत केळ्यांचा घड आणि पाण्याची परात.

पंडित उभे राहिले. एकाने वाचायला सुरुवात केली. तो थांबला की दुसरा वाचायचा. दुसरा थांबला की पहिला. माकडाचे दात, भेकाची जीभ. माकडाची झेप, भेकाची बैठक. 'भेक आपली कात टाकतो आणि ती स्वतःच गिळतो, ही केवढी काटकसर!' 'माकडं एकमेकांच्या अंगातल्या उवा काढतात, हा केवढा परोपकार!'

भागाई ऐकत होती, पण तिची नजर भलतीकडेच लागली होती. राहुटीचा पडदा एका बाजूने जरा उघडा होता आणि आतलं तिला सगळं दिसत होतं.

फुटाणा दगडूभोवती गोल गोल फिरत होता. मग त्याने एक बोट पुढे केलं आणि दगडूच्या पाठीत हळूच खुपसलं. दगडूने काही केलं नाही. फुटाण्याने पुन्हा खुपसलं. तेव्हा दगडूने छाती भरून हवा घेतली आणि तो फुगला, फुगला, चांगला पेरूएवढा झाला. फुटाण्याने खांबाच्या टोकावर अशी उडी मारली की सारी राहुटी हलली. तिथून खाली यायला त्याला बराच वेळ लागला.

भागाई हसली. पंडिताला वाटलं, आपला मुद्दा लागू पडला. तो आणखी जोरात वाचू लागला.

राहुटीत फुटाण्याने आता केळी खायला घेतली होती. साली तो इकडेतिकडे टाकत होता. सालींवर माशा आल्या. त्या त्याच्या नाकावर बसल्या, कानात गुणगुणल्या. तो चिडला, हात झाडू लागला, स्वतःच्याच थोबाडीत मारून घेऊ लागला. एक माशी उडून दगडूसमोर बसली. दगडू हलला नाही. नुसती जीभ लवली आणि माशी नाहीशी झाली.

फुटाणा खाताखाता थांबला. त्याने माशी बसली होती ती जागा निरखली. दगडूचं तोंड निरखलं. दुसरी माशी बसली, तीही गेली. तिसरी गेली. मग फुटाण्याने एक साल उचलली, डोकं खाजवून थोडा विचार केला, आणि ती नेऊन अगदी दगडूच्या पुढ्यात ठेवली. पंगतीत वाढावी तशी.

भागाईने तोंडाला पदर लावला.

एवढ्यात पलीकडच्या काठावरून हाक आली. "मामीऽऽ! भागामामीऽऽ!"

तो तिचा जावई होता. गुडघाभर पाण्यात उभा राहून ओरडत होता. "तुळसाला कळा सुटल्यात! लवकर याऽऽ!"

भागाई ताडकन उठली. केरबाने डोंगा पाण्यात ढकलला. पण पलीकडचा प्रधान आडवा आला. "निवाडा सांगितल्याशिवाय जाता येणार नाही, असं ठरलंय, आजी. निवाडा न होता नाव निघाली, तर तिरंदाजांना हुकूम आहे." मग तो तिच्या कानाशी आला आणि हळूच म्हणाला, "एकच शब्द. 'भेक' म्हण. आमच्या काठावरची धनुष्यं खाली येतील. घटकाभरात लेकीजवळ असशील."

एकच शब्द. भागाईच्या जिभेवर तो आलाच होता. कोणतं जनावर मोठं, याचं तिला काय देणंघेणं होतं? तिकडे तिची लेक ओठ आवळून दाराकडे बघत असेल.

तिने मागे वळून अलीकडचा काठ पाहिला. तिथे रांगेत पुढेच तो पायाळू शिपाई उभा होता, भाला घट्ट धरून. 'भेक' म्हटलं की तो भाला पाण्यात उतरणार. 'माकड' म्हटलं की पलीकडून बाण सुटणार. त्या पोराला तिने एक अख्खा दिवस झटून जगात आणलं होतं. आपलं एक बाळ सुखरूप यावं म्हणून दुसऱ्यांची इतकी लेकरं घालवायची?

तिने तो शब्द गिळला. आणि मग तिला जसा राग आला, तसा सत्तर वर्षांत आला नव्हता.

ती तरातरा चालत गेली, अलीकडच्या राजाचं मनगट धरलं. त्याला ओढत दुसऱ्या छताखाली नेलं, पलीकडच्या राजाचं मनगट धरलं. दोघांना फरफटत राहुटीशी आणलं आणि पडदा वर केला.

"बघा!"

राजे वाकून बघू लागले. आत फुटाणा केळं खाऊन साल दगडूपुढे सरकवत होता. दगडू माशा टिपत होता. फुटाण्याच्या नाकावर आता एकही माशी नव्हती. एक माशी चुकून दगडूच्या मागे बसली. दगडूला वळायचा कंटाळा. तेव्हा फुटाण्याने दोन्ही हातांनी त्याला उचललं, वळवलं आणि नीट तिच्यासमोर ठेवलं.

अलीकडच्या राजाच्या तोंडून निघून गेलं, "अरे, तुझा दगडू काय नेमबाज आहे रे!"

पलीकडचा राजा म्हणाला, "आणि तुझा फुटाणा काय वाढपी आहे!"

"आता विचारा त्यांना, कोण मोठं म्हणून," भागाई म्हणाली. "विचारा की! झाडाच्या शेंड्यावरचं फळ हवं असेल तर माकड मोठं. तुळशीच्या मुळाशी लागलेली कीड काढायची असेल तर भेक मोठा. तुम्हाला कशासाठी हवंय मोठं?"

"कशासाठी असं नाही," अलीकडचा राजा पुटपुटला. "नुसतंच मोठं."

"नुसतंच मोठं मी अजून पाहिलं नाही," भागाई म्हणाली. "पन्नास वर्षं पोरं काढतेय. एक बाळ दुसऱ्याशेजारी ठेवून कधी मोजलं नाही. श्वास घेतला का, रडलं का, एवढंच बघितलं. तुम्हा दोघांनाही पायाला धरून उलटं केलं होतं मी. दोघंही सारखेच बोंबललात."

मग केरबा फसकन हसला. पाठोपाठ पलीकडचा राजा हसला, अलीकडचा हसला, आणि दोघांना हसू आवरेना. हसता हसता दोघं वाळूत बसले. काठांवरच्या माणसांना काय झालं ते कळलं नाही, पण राजे हसताहेत म्हणून तीही हसू लागली.

"हाच माझा निवाडा," भागाई म्हणाली. "माकड माकड म्हणून पुरेपूर आहे. भेक भेक म्हणून पुरेपूर आहे. उणं पडलो ते आपण. आता मला नदी ओलांडू द्या, नाहीतर माझ्याशी गाठ आहे."

"पण तिरंदाज?" केरबा म्हणाला. "त्यांना काय माहीत निवाडा झाला ते? निरोप जाईपर्यंत..."

"मी नावेत बसतो," पलीकडचा राजा म्हणाला. "माझ्यावर माझे तिरंदाज बाण सोडणार नाहीत."

"तू एकटाच? मग माझे भालेकरी म्हणतील, म्हातारीला पळवून नेली. मीही येतो."

डोंगा तिघांपुरताच होता. केरबा बेटावरच राहिला आणि त्या दिवशी दोन राजांनी आयुष्यात पहिल्यांदा वल्ही हातात घेतली. एक डावीकडून जोर लावायचा, दुसरा उजवीकडून, आणि डोंगा जागच्या जागी भिंगरीसारखा फिरायचा.

"महाराज, वल्हं पाण्यात!" केरबा बेटावरून ओरडत होता. "हवेत नव्हे, पाण्यात!"

"एका तालात रे, एका तालात!" भागाई मधे बसून ओरडली. "मी म्हणेन तेव्हा जोर लावा. हां, आता! हां, आता!" बाळंतिणीला सांगावं तसं ती सांगत होती, आणि दोन राजे मुकाट्याने तसं करत होते. डोंगा सरळ झाला. काठावरच्या तिरंदाजांनी धनुष्यं टाकून दिली आणि पाण्यात उतरून डोंगा ओढून घेतला.

भागाई लेकीच्या घरात शिरली ती आतच राहिली. राजे ओल्या कपड्यांनी ओसरीवर बसले. जावई येरझारा घालत होता. शेजारणी पाणी तापवत होत्या. ऊन कललं. आतून तुळसाचा आवाज यायचा, भागाईचा यायचा, मग सगळं शांत व्हायचं, आणि ती शांतता सगळ्यांना नकोशी व्हायची.

मग एक नवाच आवाज आला. बारीक, चिडका, खणखणीत.

भागाई बाहेर आली. तिच्या हातांत लुगड्याच्या मऊ तुकड्यात गुंडाळलेलं एक लालबुंद बाळ होतं. "मुलगी झाली. रडली, श्वास घेतला. तुळसाही बरी आहे."

जावई तिथेच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. दोन्ही राजे उठून बाळ बघायला पुढे झाले.

"आमच्या काठावर जन्मली हो," पलीकडचा राजा कौतुकाने म्हणाला.

"पण आजी आमच्या काठाची..." अलीकडच्या राजाने सुरुवात केली, आणि तो मधेच थांबला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांनीही जीभ चावली. भागाईने नुसती भुवई वर केली. तेवढं पुरलं.

त्याच संध्याकाळी दोन्ही घाट उघडले. गुळाच्या ढेपा इकडे आल्या, मिठाची पोती तिकडे गेली. दोन्ही पंडितांना राजांनी महिनाभर एकाच नावेवर मीठ-गूळ पोचवण्याच्या कामी लावलं. पहिले चार दिवस ते नावेतही वाद घालत होते. पाचव्या दिवशी दोघांना मिळून गाणं म्हणताना लोकांनी ऐकलं. कानात कुजबुजणाऱ्या प्रधानाला पलीकडच्या राजाने घरी बसवलं. आणि बेटावर पुन्हा सारीपाट मांडला गेला. आता त्या घोंगडीवर फुटाणा आणि दगडू शेजारी शेजारी बसायचे, आणि कोण जिंकलं हे त्या दोघांना कधीच कळायचं नाही.

भागाई चाळीस दिवस लेकीकडे राहिली. नातीला तेल लावताना ती तिला जे सांगायची, ते पुढे दोन्ही काठांवर म्हणीसारखं रूढ झालं. मुलांनो आणि मोठ्यांनो, तेच या गोष्टीचं सार आहे:

धान्याचं माप काढावं, जिवाचं काढू नये.